मिचकव बघू!

दिवाळीच्या सुट्टीत घरात चार मुलं जमली की चौथ्या दिवशी काय होतं हे ज्यांच्याकडे जमतात त्यांना सांगायला नको. किल्ला करून झालेला, किल्ल्यावरच्या मावळ्यांची लढाई होऊन दोघांच्या माना तुटलेल्या, चकल्या संपलेल्या आणि अनारसे तसेच पडलेले, आणि दर वीस मिनिटांनी कोणीतरी येऊन ‘बोअर होतंय’ सांगून जाणार, जणू काही मीच बोअर करतेय त्यांना.

तर मुलं म्हणजे आमची लेक, सोळा वर्षांची, अकरावीत, कानात कायम ती इयरफोनची पांढरी बोंडकी. दिरांचा मुलगा बंड्या, आठवीत, आवाज नुकताच फुटलाय त्यामुळे निम्मं वाक्य बापासारखं आणि निम्मं कोंबड्यासारखं. त्याची बहीण चिऊ, सहा वर्षांची. आणि नणंदेचा गोट्या, नऊ वर्षांचा, ज्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीचं ‘बंद पडलं तर काय’ हे माहीत करून घ्यायचं असतं. आणि सासूबाई. त्यांना घरी ठेवून जायचा विचार होता खरं तर, पाय दुखतात म्हणून, पण ‘मेणाचे पुतळे’ हे शब्द ऐकले आणि त्या साडी बदलूनच बाहेर आल्या.

वॅक्स म्युझियमची आयडिया बंड्याची. भुशी डॅमला जाऊ म्हणत होते आधी, पण नोव्हेंबरात तिथे पाणी कुठलं ओसंडून वाहायला. मग लोणावळ्यात काय आहे हे मोबाईलवर बघून त्याने हे काढलं. लेक म्हणाली, ‘ईईई, किती क्रिंज.’ मी म्हटलं ठरलं तर मग, तिने क्रिंज म्हटलेल्या गोष्टी सहसा मला आवडतात.

शिवाजीनगरहून लोकल पकडली. गाडीने जाऊ असं नवरा म्हणत होता (म्हणजे तुम्ही गाडीने जा, मला काम आहे, असं), पण सुट्टीत एक्स्प्रेसवेवर अडकून बसण्यापेक्षा लोकल कधीही बरी, दीड तासात लोणावळा, आणि मुलांना दारातला वारा, आणि मला बसायला खिडकी. देहूरोड सोडलं तोवर बंड्या आणि लेक दोघंही मोबाईलमध्ये बुडालेले, म्हणून मी चिऊ-गोट्याला ती मूळ मादाम तुसाँची, म्हणजे लंडनचं मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम काढणाऱ्या बाईची, गोष्ट सांगायला घेतली. मला ती कॉलेजपासून आवडते.

तर ही मारी, १७६१ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जन्मली. तिची आई एका डॉक्टरच्या घरी कामाला होती, घर सांभाळायची, आणि हा डॉक्टर कुर्टियस मेणाचे अवयव बनवायचा, शरीरशास्त्र शिकवायला. त्याचा हात इतका चांगला की पुढे तो माणसांचे चेहरेच बनवायला लागला आणि डॉक्टरकी बाजूला पडली. कामवाल्या बाईंची ही पोरगी बघून बघून शिकली. सोळाव्या वर्षी, १७७७ साली, तिने व्होल्तेअर या मोठ्या लेखकाचा पुतळा केला. इथे मी मुद्दाम ‘सोळाव्या वर्षी’ जरा मोठ्याने म्हटलं. पलीकडून काही प्रतिक्रिया नाही. मग फ्रेंच राज्यक्रांती आली, राजाराणीला गिलोटिनवर चढवलं, आणि हिला त्या कापलेल्या मुंडक्यांचे साचे घ्यायला लावले. ‘काय?’ बंड्याने मान वर केली. ‘खऱ्या मुंडक्यांचे?’ एक बोंडकं लेकीच्या कानातूनही निघालं. हो, खऱ्या, निदान ती स्वतः तसं सांगायची. सोळाव्या लुईचं, मारी आंत्वानेतचं. त्याच धामधुमीत हिला स्वतःला तुरुंगात टाकून गिलोटिनसाठी डोकं भादरून ठेवलं होतं असं तिने म्हातारपणी लिहवून घेतलेल्या आठवणींत आहे. पण सुटली. समोरच्या बाकावरच्या तळेगावला उतरणाऱ्या बाई कोथिंबीर निवडायची थांबून ऐकत होत्या, मला म्हणाल्या, ‘मग पुढं?’

पुढं काय, १८०२ साली ती पुतळे घेऊन इंग्लंडला गेली आणि तीसेक वर्षं गावोगाव खेळ घेऊन फिरली. म्हणजे आपल्याकडे तमाशाचा फड फिरायचा तसं. १८३५ला लंडनमध्ये बेकर स्ट्रीटला बिऱ्हाड टाकलं, तेव्हा तिला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘माझ्याएवढी.’ त्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, पण असो.

लोणावळ्याला उतरून रिक्षाचं जे काही व्हायचं ते झालं, मीटर हा विषय काढायचा नाही, दोन रिक्षा केल्या आणि जुन्या हायवेला लागलो. म्युझियमचं नाव लिहीत नाहीये. पुढे मुलांनी जी टिंगल केली ती छापून कोणाच्या पोटावर पाय आणायचा नाही मला, आणि खरं सांगायचं तर पैसे वसूल झाले आमचे.

आत शिरलो आणि पहिला प्रश्न गोट्याचा. ‘मामी, हे हलत नाहीत?’ आता हा पोरगा पुण्याचा. जन्मल्यापासून दर गणपतीत खांद्यावर बसून हलते देखावे बघितलेला. त्याच्या हिशोबाने पुतळा म्हणजे तलवार वर जाणार, तलवार खाली येणार, खानाच्या पोटातून लाल लाईट लागणार आणि मागून एक खर्जातला आवाज ‘...आणि तेवढ्यात!’ म्हणणार. इथे तसलं काहीच नाही, नुसते उभे. ‘मोटर बंद पडलीय का?’ म्हणाला. मी म्हटलं अरे हे मेण आहे, हे हलायचे नाहीत, नुसतं बघायचं. तो खूपच नाराज झाला आणि मग त्याने एसीकडे बघितलं आणि त्याला नवीन विषय मिळाला. एसी बंद पडला तर?

याचं उत्तर मला येत होतं म्हणून मी खूश. मधाच्या पोळ्याचं मेण वितळायला साठ अंशांच्या वर तापमान लागतं, तेवढं विदर्भातल्या मे महिन्यातही होत नाही, म्हणजे बदाबदा काही वितळणार नाहीत, पण उन्हाळ्यात मऊ पडू शकतं, रंग-केसांचं मातेरं होऊ शकतं, म्हणून आपलं थंड ठेवतात. आग लागली तर मात्र संपलं. लंडनच्या म्युझियमला १९२५ साली आग लागली होती आणि पुतळेच्या पुतळे गेले, पण साचे वाचले म्हणून पुन्हा करता आले. गोट्याने हे सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि आग विझवायचं नळकांडं कुठे आहे ते शोधायला निघून गेला. सापडलं त्याला. मला हात धरून दाखवलंनही.

मोठ्या दोघांचं वेगळंच चाललेलं. बंड्याने खेळ काढला की नावाच्या पाटीवर आपण हात ठेवायचा आणि दुसऱ्याने ओळखायचं. गांधीजी आणि कलाम सर लांबूनच ओळखू आले. चष्मा, धोतर, केसांचा भांग, एवढ्यावर काम भागतं. मायकल जॅक्सन टोपीवरून. पण मग एका फुटबॉलपटूपाशी अडलं गाडं. लेक एक नाव म्हणाली, बंड्या दुसरं, मी तिसरंच (मला मुळात तीनच फुटबॉलवाले माहितीयत), आणि तिघंही चुकलो. ‘हा तर आमच्या गणिताच्या सरांसारखा दिसतो,’ बंड्या म्हणाला आणि मग तो पुतळ्यासमोर उभा राहून वही दाखवल्यासारखं करून फोटो काढून घेणार, तो फोटो लगेच वर्गाच्या ग्रुपवर जाणार आणि खाली तीस हसरे चेहरे येणार. एक नटी होती, माझ्या पिढीची, तिच्यापाशी मी दोन मिनिटं उभी राहिले. पाटी वाचली, पुन्हा चेहरा बघितला. बाई सगळं ठीक होतं गं, पण हसू चुकलं होतं. दात आधी आले होते आणि हसू मागे राहिलं होतं.

एक मात्र म्हणेन, मेणात हसू आणणं सोपं नाही. मी नंतर वाचत बसले की हे करतात कसं. मोठ्या म्युझियमात माणसाला बसवून अडीचशेच्या आसपास मापं घेतात, सगळ्या बाजूंनी फोटो, मग मातीचं डोकं घडवायचं, त्यावर प्लास्टरचा साचा, साच्यात गरम मेण ओतायचं आणि कडेचं घट्ट झालं की आतलं पातळ मेण काढून टाकायचं, म्हणजे डोकं आतून पोकळ. आणि मेण थंड होताना आक्रसतं, म्हणून मुळात सगळं दोन टक्के मोठं करायचं. दोन टक्के! आमच्या शिंपीणबाई ब्लाऊजला दोन इंच इकडेतिकडे करतात. केस तर एकेक, सुईने, महिना-सव्वा महिना एकच डोकं. आणि एवढं करून मेण फक्त डोक्याला आणि हातांना. बाकी कपड्यांच्या आत फायबर. हे बंड्याला सांगितल्यावर त्याचा अगदी विश्वासघात झाल्यासारखा चेहरा झाला.

तोपर्यंत सासूबाई कुठायत बघितलं तर शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर. चपला काढून, बाजूला नीट जोडून ठेवलेल्या, पदर डोक्यावर. मागे फोटोवाल्यांची रांग लागलेली आणि या डोळे मिटून उभ्या, आणि गंमत म्हणजे रांगेतलं कोणी काही बोलेना, एका कॉलेजच्या पोराने तर स्वतःचे बूट काढले. कोल्हापूरला कणेरी मठावर गेलो होतो तेव्हा याच बाई उलट मोकाट सुटल्या होत्या. तिथे बारा बलुतेदार, विहीर, खळं, मळणी, सगळं गाव उभं केलंय माणसाएवढ्या पुतळ्यांचं, आणि ते मेणाचे नाहीत, सिमेंटचे, ऊनपावसात उघड्यावर उभे. तिथे त्या जात्यावरच्या बाईला म्हणाल्या होत्या, ‘अगं अशी बसलीस तर कंबर धरेल.’ तिथे ओळखू येतो का, जुळतो का, हा प्रश्नच नाही ना. कुंभार म्हणजे कुंभार.

आणि चिऊ. चिऊला मी विसरले होते हे प्रामाणिकपणे सांगते, दोन-तीन मिनिटं, सगळ्या आयांच्या आणि काकूंच्या पोटात जो गोळा येतो तो आला, आणि मग तिचा आवाज ऐकू आला. अगदी दरडावून. ‘मिचकव! मिचकव बघू!’

एका सुटाबुटातल्या, कोणातरी परदेशी साहेबाच्या पुतळ्यासमोर ती उभी होती. दोरीच्या खालून पलीकडे गेली नव्हती, तेवढी शहाणी आहे, पण दोरीवर पोट टेकवून, मान मागे टाकून त्याला हुकूम सोडत होती. मला काही कळेना. मग पुढच्या पुतळ्याकडे गेली. ‘मिचकव.’ थांबली. बोटावर मोजलं काहीतरी. ‘हा पण मेलाय.’

आता याची मागची कथा. त्याच आठवड्यात सासूबाईंचा हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत गेले होते, सासऱ्यांची पेन्शन आता त्यांना येते, आणि नोव्हेंबर आला की आपण अजून आहोत हे सरकारला सांगायला लागतं. चिऊ बरोबर होती. त्या मशीनवर सासूबाईंचा अंगठा उठेचना. उजवा नाही, डावा नाही, पुसून नाही, ओला करून नाही, तिथल्या मुलीने क्रीम लावून बघितलं तरी नाही. पन्नास वर्षं भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, राखेने घासली, रेघा झिजल्या त्या. शेवटी त्या मुलीने मोबाईल काढला, त्यात चेहऱ्याचा फोटो घेऊन होतं आता. स्क्रीनवर एक गोल, गोलात सासूबाई, आणि मुलगी म्हणते, ‘आजी, डोळे मिचकवा.’ सासूबाईंना वाटलं ती थट्टा करतेय. मग त्यांनी इतक्या जोरात मिचकवले की चष्मा खाली आला. झालं, हिरवी खूण आली, हयात. घरी येताना चिऊने विचारलं की मिचकवायचं कशाला, तर सासूबाई म्हणाल्या, ‘फोटोच दाखवत नाहीयेत ना, जिवंत बाई आहे ना, ते बघतात गं.’

म्हणजे पोरगी तपासणी करत होती. सगळ्या हॉलची.

मला हसू पण येईना आणि रडू पण. बंड्या मात्र जमिनीवर बसून हसला आणि पुढचा अर्धा तास ते दोघं बहीणभाऊ सगळ्या सेलिब्रिटींना नापास करत फिरले. एका ठिकाणी मात्र चिऊ अडकली. तिने मिचकव म्हणून झाल्यावर खाली बघितलं, आणि तिच्या डोळ्यांच्या समोर हात होता. सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीला मोठ्या माणसाचा हातच येतो ना, चेहरा लांब वर असतो. आणि तिला यातलं कोणीच माहीत नाही, क्रिकेटवाला कोण आणि पंतप्रधान कोण. ती हातच बघत होती. मला म्हणाली, ‘काकू, यांची नखं कोण कापतं?’

मी उत्तर शोधत होते तेवढ्यात आमच्या लेकीने कानातली दोन्ही बोंडकी काढली, त्यांच्या डबीत ठेवली (ही ऐतिहासिक घटना आहे, नोंद व्हावी) आणि चिऊशेजारी उकिडवी बसली. ही मुलगी नेलआर्ट करते, मैत्रिणींची, पैसे घेऊन सुद्धा, अभ्यास सोडून. ‘थांब, बघू दे,’ म्हणाली. आणि मग तिने जे दाखवलं ते मी एकटी आले असते तर जन्मात बघितलं नसतं. नखाच्या मुळाशी तो पांढरट अर्धचंद्र असतो ना, तो होता. अंगठ्याच्या नखाला कडेने अगदी बारीक सोललेली कातडी होती, रंगवलेली. मनगटाच्या आतल्या बाजूला शिर होती, पण वरून काढलेली निळी रेघ नाही, खालून आल्यासारखी, म्हणजे आधी निळं देऊन वर कातडीच्या रंगाचे कितीतरी पातळ थर. ‘मम्मा, हे वेडे आहेत लोक,’ लेक म्हणाली. तिच्या भाषेत याहून मोठी पदवी नाही. ज्या नटीचं हसू चुकलं होतं तिच्याकडे परत गेलो. हात सुंदर होते. करंगळी जरा बाहेर काढलेली, खरंच ती जशी काढायची नाचताना तशी.

लंडनवाले तर म्हणे जिवंत माणसाच्या हाताचा साचाच घेतात, दाताचे डॉक्टर जे गार गार लुबलुबीत मिश्रण तोंडात कोंबतात ना, त्यात हात बुडवायला लावून. म्हणजे चेहरा हा कारागिराचा अंदाज, आणि हात सरळ छाप.

चहा, वडापाव, चिक्की (गूळ-शेंगदाण्याची दोन पाकिटं, आणि बंड्यासाठी ती चॉकलेटवाली, जिला चिक्की म्हणायची माझी तयारी नाही), हे सगळं होऊन परतीच्या लोकलमध्ये बसलो तर लेकीने स्वतःहून मोबाईल मध्ये धरला. एकाही पुतळ्याचा चेहरा नाही, अठ्ठावीस फोटो, सगळे हात. ओळखा. कामशेत ते चिंचवड तोच खेळ. चिऊ जिंकली. तिला नावं येत नव्हती म्हणून ‘तो मोठ्या अंगठीवाला’, ‘तो ज्याला केस होते बोटांवर’ असं सांगत होती, आम्ही ते ग्राह्य धरत होतो. एक फोटो मात्र कोणालाच येईना. सुरकुतलेला हात, शिरा वर आलेल्या, नखात हळदीचा पिवळा डाग. मी म्हटलं हे केवढं बारीक काम केलंय, हळद कशी काय दाखवली यांनी? लेक हसायला लागली. खिडकीशेजारी सासूबाई झोपल्या होत्या, पदरावर हात ठेवून.

रात्री घरी आल्यावर झोपायचं सोडून मुलांनी दिवाळीच्या उरलेल्या मेणाच्या पणत्या गोळा करून वाटीत वितळवल्या. मी ओरडले, चटके बसतील म्हणून, तर सासूबाई म्हणाल्या, ‘द्या इकडं, माझ्या हाताला कसले चटके,’ आणि जरासं निवू देऊन वाटीतल्या मेणात अंगठा घातला, काढला, परत घातला, चार-पाच वेळा. घट्ट झाल्यावर लेकीने ते अंगठ्याचं टोपण हळूच फिरवून काढलं आणि मोबाईलचा टॉर्च आत मारला. आम्ही पाच डोकी त्यावर वाकलेलो. आत रेघा होत्या. पुसट, मध्ये मध्ये तुटलेल्या, एका बाजूला विळीचा जुना वण आडवा गेलेला, पण गोल गोल, स्वच्छ दिसत होत्या.

‘आहेत की गं रेघा!’ सासूबाई म्हणाल्या. ‘पुढच्या नोव्हेंबरात हेच घेऊन जा बँकेत. मला नेऊच नका.’

सध्या ते टोपण फ्रीजमध्ये लोण्याच्या कप्प्यात आहे, काडेपेटीत घालून. गोट्याने बजावून ठेवलंय, लाईट गेली तर दार उघडायचं नाही.